ठिपकेदार शेंगांचा गोंधळ : मोहावेतल्या मिल्कवेचचे प्रकार कसे ओळखायचे

फूल बघून नाव ठरवायला गेलात तर फसाल. मी लागोपाठ दोन वसंत फसले. मार्चमध्ये मोहावे वाळवंटात रस्त्याच्या कडेला जांभळ्या फुलांचं, राखी पानांचं, ढोपराच्या खालीच राहणारं रोप दिसायचं. मी फोटो काढायचे आणि घरी येऊन यादीतलं जे पहिलं नाव जुळेल ते लिहून मोकळी व्हायचे. तिसऱ्या वर्षी हर्बेरियममधल्या वाळवलेल्या नमुन्यांशी ते फोटो ताडून बघितले, तेव्हा बारा नोंदींपैकी सात खोडाव्या लागल्या. कॅलिफोर्नियात किंवा नेव्हाडात राहणाऱ्या आणि शनिवार-रविवारी रान बघायला बाहेर पडणाऱ्या मराठी मंडळींचा तेवढा वेळ तरी वाचावा, म्हणून हे लिहिते आहे.

रोपाचं शास्त्रीय नाव अ‍ॅस्ट्रॅगॅलस लेंटिजिनोसस. इंग्रजीत फ्रेकल्ड मिल्कवेच. फुगीर शेंगेवर तांबूस-जांभळे ठिपके असतात म्हणून हे नाव. लॅटिनमध्ये मसुराला 'लेन्स' म्हणतात. त्वचेवरच्या मसुरासारख्या डागाला 'लेंटिगो' म्हणतात आणि लेंटिजिनोसस त्यावरून आलं. भिंगाला आपण लेन्स म्हणतो तेही त्याच्या मसुरासारख्या आकारामुळेच. मसुराच्या भावकीतलं रोप, त्यावर मसुराचे ठिपके, आणि बघायचं मसुराच्या आकाराच्या काचेतून! ठिपक्यांवर मात्र फार विसंबू नका. काही रोपांच्या शेंगा एकदम कोऱ्या, फिकट असतात, आणि दुसऱ्या जातींच्या शेंगांनाही असेच ठिपके असतात.

अ‍ॅस्ट्रॅगॅलस ही सपुष्प वनस्पतींमधली सर्वात मोठी प्रजाती (जीनस), म्हणजे जवळच्या जातींचा गट. जगभरात तिच्या सुमारे ३,००० जाती आहेत, उत्तर अमेरिकेत ४००च्या आसपास. त्यातली लेंटिजिनोसस ही एक जात, पण तिचेच जवळजवळ ४० प्रकार शास्त्रज्ञांनी नाव देऊन वेगळे काढले आहेत. ह्या पसाऱ्याला शिस्त लावण्याचं मोठं काम रूपर्ट बार्नबी यांचं. जन्माने ब्रिटिश, वनस्पतिशास्त्राची पदवी नाही. पुढे न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये राहून त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या अ‍ॅस्ट्रॅगॅलसचा दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, १९६४ साली. आज आपण वापरतो ती बरीचशी नावं त्यांनी घडवलेल्या चौकटीतली आहेत.

इथे 'प्रकार' हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. आपल्याकडे व्हरायटी म्हटलं की वाण आठवतो. इंद्रायणी, आंबेमोहोर, माणसाने जपलेली शुद्ध बियाणी. रानातला प्रकार तसा नसतो. तो एका परिसरातल्या हजारो रोपांचं सरासरी रूप असतो आणि शेजारच्या परिसरातल्या प्रकारात हळूहळू मिसळत जातो. त्यामुळे एकट्या रोपाकडे बघून प्रकार सांगणं म्हणजे एका माणसाचा चेहरा बघून त्याचं गाव सांगण्यासारखं आहे. दहा रोपं बघा, मग बोला.

कधी जायचं, काय न्यायचं

सखल वाळवंटात फेब्रुवारी ते एप्रिल, उंचावर मे-जून. हिवाळ्यात पाऊस झाला नसेल तर काही ठिकाणी एक रोपही दिसणार नाही. बिया वाळूत वर्षानुवर्षं वाट बघतात. फुलं तुऱ्यात खालून वर उमलत जातात, म्हणून अशी वेळ साधा की तुऱ्याच्या शेंड्याला अजून फुलं आहेत आणि बुडाला शेंगा भरल्या आहेत. एकाच रोपावर दोन्ही मिळाले तर निम्मं काम तिथेच होतं. नुसत्या फुलांवर असलेलं रोप बघून मी आता प्रकाराचं नाव लिहीतच नाही.

सामानात दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरच्या खुणांची छोटी पट्टी, एक सुई आणि वही. मायक्रोस्कोप लागत नाही. भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं आणि वस्तू भिंगाजवळ आणायची. बरेच जण उलटं करतात, वर्तमानपत्र वाचल्यासारखं भिंग लांब धरतात, आणि मग केस दिसत नाहीत म्हणून वैतागतात.

तोडायचं नाही, हे आधीच सांगते. राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय पानही खुडता येत नाही, आणि ह्यातले काही प्रकार कायद्याने संरक्षित आहेत. पुढे शेंग उघडून बघण्याबद्दल लिहिलं आहे, ते आपोआप गळून फुटलेल्या शेंगेबद्दल. ती बघायची आणि तिथेच ठेवायची. चाखून तर मुळीच बघायचं नाही. ह्या रोपाला लोकोवीडही म्हणतात. स्पॅनिशमध्ये 'लोको' म्हणजे वेडा. रोपाच्या आत राहणारी एक बुरशी स्वेनसोनीन नावाचं विष तयार करते आणि ते सतत चरण्यात आलं तर घोडी-गुरं भ्रमिष्टासारखी वागू लागतात.

पहिली पायरी : ही लेंटिजिनोसस तरी आहे का?

प्रकाराची घाई करण्याआधी जात पक्की करा. माझ्या सात खोडलेल्या नोंदींपैकी तीन इथेच चुकल्या होत्या. जातच वेगळी निघाली.

आई इथे आली होती तेव्हा तिने वाळूतली एक सुकी शेंग उचलून कानाशी हलवली आणि म्हणाली, "अगं, हा तर आपला खुळखुळा!" खुळखुळा वेगळा, तो क्रोटालारिया. पण कुळ तेच शिंबावंतांचं, आणि युक्तीही तीच. फुगीर शेंग आणि आत सुटलेल्या बिया. इंग्रजीतही मिल्कवेचला रॅटलवीड म्हणतात. आईने कानाने जे केलं ते आपल्याला डोळ्यांनी पुढे न्यायचं आहे.

वाटाण्याची शेंग आठवा. सोलली की आत एकच खोली, मधे भिंत नाही. लेंटिजिनोससच्या शेंगेत लांबीच्या दिशेने मधोमध पडदा असतो, म्हणजे दोन खोल्या. पण शेंगेच्या टोकाला जी चपटी, त्रिकोणी, बहुधा वर वळलेली चोच असते, तिच्यात पडदा नसतो. पोट दोन खोल्यांचं, चोच एका खोलीची. ही जोडी सापडली की तुम्ही बरोबर घरात आलात. शेंग गळून पडल्यावर चोचीकडून उकलते, त्यामुळे रोपाखालच्या जुन्या शेंगेत भिंगाने डोकावता येतं. रोपावरच्या शेंगेत बाहेरूनही अंदाज येतो. दोन्ही शिवणींवर लांबट खोलगट रेघ असते, शेंग पोटात दाबून शिवल्यासारखी दिसते.

आता शेंगेचं बूड बघा. लेंटिजिनोससची शेंग फुलाच्या बुडाशी असलेल्या पेल्यात थेट बसलेली असते. शेंगेला स्वतःचा वेगळा देठ असेल, म्हणजे पेल्यातून बारीक दांडी बाहेर येऊन तिच्यावर फुगा लटकलेला असेल, तर तुम्ही व्हिटनीआय किंवा ऊफोरस अशा दुसऱ्या जातीजवळ आहात. व्हिटनीआयच्या शेंगा तर इतक्या सुंदर ठिपकेदार असतात की पहिल्या भेटीत प्रत्येक जण तिला लेंटिजिनोससच म्हणेल. त्या फुग्यात पडदा नसतो. डग्लसीआयची शेंगही मोठी, कागदी, फुगीर आणि एका खोलीची.

फुगीरच नाही, उलट कापसाच्या बोळ्यासारखी केसाळ शेंग असेल तर परशीआय किंवा न्यूबेरीआय. ती ओळखायला हा लेख लागत नाही.

दुसरी पायरी : केस

ही पायरी लोक गाळतात. पान उलटं करून भिंगाखाली धरा आणि एकाच केसाकडे बघा. तो कुठे चिकटला आहे? लेंटिजिनोससचा केस आपल्या डोक्यावरच्या केसासारखा एका टोकाने रोवलेला असतो. काही जातींमध्ये केस तराजूच्या दांडीसारखा मधोमध टेकलेला असतो आणि दोन्ही टोकं मोकळी असतात. सुईने एका टोकाला हलकेच ढकललं की दुसरं टोक होकायंत्राच्या काट्यासारखं फिरतं. फिरलं तर लेंटिजिनोसस नाही. उंच डोंगरावरची प्लॅटिट्रॉपिस नावाची बुटकी जात दोन खोल्यांच्या फुगीर ठिपकेदार शेंगेमुळे फसवते. तिला पकडायला हीच परीक्षा कामी येते.

केस किती, हे प्रकार ठरवताना लागेल. म्हणून वहीत लिहून ठेवा : पान हिरवं दिसतं, राखी दिसतं, की चांदीसारखं चमकतं? केस पानाला चिकटून झोपलेले की कुरळे, उभे? पानाच्या वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला सारखेच का? फुलाच्या बुडाशी असलेल्या पेल्यावरचे केस पांढरे की काळे? पेल्यावरचे केस बघायला विसरू नका. एका प्रकाराचं तर नावच त्यावरून पडलं आहे.

तिसरी पायरी : शेंगेची जाडी, मग फुलाचं माप

शेंग बोटांत हलकेच दाबा. पतंगाच्या कागदासारखी पातळ आहे, की जुन्या पाकिटासारखी चिवट? गच्च फुगली आहे, की जराशीच, लांबट आणि वळलेली? गुळगुळीत की लव असलेली? प्रकारांच्या विभागणीत ह्या तीन प्रश्नांना सर्वात जास्त वजन आहे. साधारण एक ते तीन सेंटीमीटर लांबी बहुतेक प्रकारांत येते, त्यामुळे नुसत्या लांबीने काही सिद्ध होत नाही. पिकलेलीच शेंग बघा. कोवळी शेंग सगळ्यांचीच मांसल आणि हिरवी असते.

फुलात रंगापेक्षा माप महत्त्वाचं. पतंगरूपी फुलाची वरची मोठी पाकळी म्हणजे ध्वज, बाजूचे दोन पंख, आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली नौका. ध्वज मागे वळलेला असतो, त्यामुळे त्याचं माप प्रत्येक जण वेगळं घेतो. नौका ताठ असते, तिचं माप भरवशाचं, म्हणून ओळख-किल्ल्यांमध्ये (एकेका प्रश्नाने नावापर्यंत नेणाऱ्या तक्त्यांमध्ये) तिची लांबी विचारतात. पट्टी शेजारी धरून बाजूने फोटो काढा. रंग लिहायचाच असेल तर ताज्या, त्याच दिवशी उमललेल्या फुलाचा लिहा. जांभळं फूल जुनं होताना निळसर पडतं आणि मोबाइलचा कॅमेरा जांभळ्याचा निळा स्वतःच करून टाकतो.

चौथी पायरी : जागा, पण शेवटी

मी जागा मुद्दाम चौथ्या क्रमांकावर ठेवली आहे. नकाशावर बोट ठेवून 'इथे अमुकच असतो' म्हणणं सोपं असतं, आणि बरेचदा ते बरोबरही येतं. पण आधी जागा बघितली की डोळे तेवढंच बघतात. वाळूची टेकडी, खडीचं पटांगण, खारट ओलसर गवताळ जागा, की उंचावरचा सेजब्रश (राखी पानांची झुडपं), हे टिपा. आसपास काय उगवलं आहे तेही टिपा. मग यादीकडे या.

गोंधळ नेमका कुठे होतो

फ्रेमाँटिआय आणि व्हेरिएबिलिस. मोहावेत सर्वात जास्त भेटणारी जोडी, आणि माझ्या उरलेल्या चार चुका ह्यांच्याच. फ्रेमाँटिआय विस्तीर्ण प्रदेशात, वाळूत आणि खडीतही. पानं हिरवट ते राखट, केस विरळ ते मध्यम, फुलं जांभळी, शेंग गच्च फुगलेली आणि पातळ कागदी. व्हेरिएबिलिस पश्चिम मोहावेच्या वाळूत. दाट केसांमुळे सगळं रोपच राखाडी दिसतं आणि शेंगेचं कवच जास्त टणक असतं. नावातच 'बदलता' आहे, त्यामुळे एखादं हिरवट रोप दिसलं म्हणून लगेच फ्रेमाँटिआय लिहू नका. दहा रोपांचा नियम सर्वात जास्त इथे लागतो. सीमेवरच्या भागात दहा रोपांनीही निकाल लागला नाही तर नुसतं 'लेंटिजिनोसस' लिहा. त्यात कमीपणा नाही, बार्नबींनीही मधले नमुने मधलेच म्हणून नोंदवले आहेत.

कोचेली आणि बोरेगॅनस. दोन्ही वाळूतले, दोन्ही रेशमी पांढऱ्या केसांचे, दोन्हींची फुलं जांभळ्या-गुलाबी छटेची. इथे शेंग हाच निकाल. कोचेलीची शेंग टम्म फुगते. बोरेगॅनसची तुलनेने कमी फुगलेली, लांबट आणि चिवट. कोचेलीचं घर म्हणजे रिव्हरसाइड काउंटीतलं कोचेला खोरं. सॅन गोर्गोनिओ खिंडीतून येणारा वारा तिथे वाळू आणून टाकतो आणि त्या वाळूवर हे रोप जगतं. संगीत महोत्सवामुळे खोऱ्याचं नाव जगभर झालं, पण वाळूची जागा घरांनी आणि गोल्फच्या मैदानांनी खाल्ली. १९९८ साली अमेरिकी सरकारने ह्या प्रकाराला संकटग्रस्त म्हणून संरक्षण दिलं. दिसला तर पाऊलवाटेवरूनच फोटो काढा. रोपाभोवतीची भुसभुशीत वाळूसुद्धा तुडवू नका, पुढच्या वर्षीची बी तिथेच पडलेली असते.

बोरेगॅनसचा आणखी एक तोतया आहे, तोही दुसऱ्या जातीचा. इम्पीरियल काउंटीतल्या अल्गोडोन्स वाळूटेकड्यांवर मॅग्डलेनी जातीचा पिअरसोनिआय प्रकार बोरेगॅनसच्या सोबतीने वाढतो. तोही रुपेरी, तोही जांभळा. पानाच्या शेंड्याची पर्णिका, म्हणजे संयुक्त पानातलं टोकाचं छोटं पान, बघा. बोरेगॅनसमध्ये ती बाकीच्या पर्णिकांसारखी सांध्याने जोडलेली असते. पिअरसोनिआयमध्ये मधला दांडाच सरळ पुढे जाऊन शेंड्याची पर्णिका होतो, सांधा नसतोच. शिवाय त्याच्या पर्णिका बारीक, एकमेकींपासून लांब लांब असतात, शेंगेत पडदा नसतो आणि बिया चांगल्याच मोठ्या असतात. पहिली पायरी नीट केली असेल तर हा घोटाळा होणारच नाही. तोही १९९८पासून संरक्षित आहे.

मायकन्स. नावाचा अर्थ चमकणारा. डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानातल्या युरेका खोऱ्यात सुमारे २०० मीटर उंचीच्या वाळूटेकड्या आहेत आणि मायकन्स फक्त तिथल्याच वाळूत सापडतो. सकाळच्या तिरप्या उन्हात दाट रेशमी केसांमुळे रोप चांदीचा वर्ख लावल्यासारखं दिसतं. फुलं फिकट, पांढुरकी, जांभळट झाक असलेली. हा ओळखायला सर्वात सोपा. तिथपर्यंतचा कच्चा रस्ता मात्र गाडीची आणि पाठीची परीक्षा बघतो.

पिसिनेन्सिस आणि आल्बिफोलियस. दोन्ही ओवेन्स खोऱ्याच्या बाजूचे, खारट जमिनीवरचे, जमिनीवर लोळणाऱ्या फांद्यांचे. पिसिनेन्सिस बिशप गावाच्या उत्तरेला फिश स्लू नावाच्या पाणथळ पट्ट्यात राहतो. लॅटिनमध्ये माशांच्या तळ्याला 'पिसिना' म्हणतात, नाव त्यावरून. फांद्या लांबच लांब पसरतात आणि फुलं फिकट जांभळी. आल्बिफोलियसची पानं नावाप्रमाणे पांढुरकी, फुलंही पांढुरकी, आणि त्याचा पसारा जास्त दूरवर. पिसिनेन्सिसलाही १९९८ सालच्याच निर्णयात संरक्षण मिळालं.

नायग्रिकॅलिसिस. काळ्या पेल्याचा. पेल्यावर काळे केस, फुलं दुधाळ पांढरी, ठिकाण सॅन वाकीन खोऱ्याचा दक्षिण भाग आणि कॅरिझो प्लेनची बाजू. वाळवंटात फिरून आलेल्या माणसाला ही पांढरी फुलं बघून हे लेंटिजिनोससच आहे हे पटत नाही. शेंग बघितली की पटतं.

बाकीचे प्रकार सिएरा नेव्हाडाच्या उंच उतारांवर, व्हाइट माउंटन्समध्ये, नेव्हाडा आणि युटाच्या सेजब्रशमध्ये विखुरलेले आहेत. त्यांच्यासाठी जेप्सन हर्बेरियमची ऑनलाइन ओळख-किल्ली उघडा. कॅलिफोर्नियापुरती तीच सर्वात भरवशाची. किल्लीत दोन पर्यायांपैकी एक निवडता आला नाही तर दोन्ही वाटांनी पुढे जा आणि शेवटी कुठल्या वाटेवरचं वर्णन तुमच्या रोपाला बसतं ते बघा.

नोंद कशी करायची

प्रत्येक रोपाचे किमान सहा फोटो : दुरून पूर्ण रोप आणि जमीन, पानाची वरची बाजू, खालची बाजू, बाजूने फूल आणि शेजारी पट्टी, पेला जवळून, आणि शेंग दोन्ही बाजूंनी, शक्य तर आतूनही. नेहमीच्या सवयीने फक्त फुलाचा देखणा फोटो टाकला तर आयनॅचरलिस्ट ह्या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर कुणीही जातीच्या पुढे जाऊ शकणार नाही. कासला पिवळ्या कवल्याला सरसकट 'मिकी माऊस' म्हणून पुढे जातात, तसंच होतं. अ‍ॅपने सुचवलेलं नाव मुकाट्याने स्वीकारू नका. ते फोटोइतकंच आसपासच्या जुन्या नोंदींवरही बेतलेलं असतं, आणि त्या जुन्या नोंदींमध्ये माझ्या सात चुकाही काही काळ होत्या. संरक्षित प्रकार असेल तर नेमकं ठिकाण लपवण्याची सोय वापरा.

आणि सुट्या शेंगांवरून नोंद करू नका. पिकलेली शेंग रोपापासून सुटते आणि फुगीर असल्यामुळे वाऱ्याने वाळूवर गडगडत कुठल्या कुठे जाते. क्रिओसोटच्या झुडपांच्या बुडाशी असे ढीग अडकलेले दिसतात. त्यातली शेंग पडदा शिकायला उत्तम, पण तिचं रोप वाऱ्याच्या दिशेला मैलभर मागे असू शकतं.

ह्या वर्षी पाऊस झाला नाही. माझ्या वहीत तीन रोपं अजून 'लेंटिजिनोसस, प्रकार ?' अशीच आहेत, मोहावेतल्या बारस्टो गावाच्या पश्चिमेची. शेंगा बघायच्या राहिल्या आहेत.